नागपुरातील फ्लॅटधारक, नळ-सांडपाण्याचे नियम आणि दुरुस्तीचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि पावसाळ्यात ते नको तिथून झिरपते, त्यामुळे नागपुरातल्या बहुतेक फ्लॅट स्कीममध्ये वर्षातून दोनदा तरी पाण्यावरून बैठक होते. आमच्या स्कीमचा सचिव म्हणून काम करताना जे प्रश्न मला वारंवार विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. यांतले बरेचसे वाद पैशांपेक्षा एका गैरसमजातून उभे राहतात. पाइप ज्याच्या भिंतीत किंवा छताखाली, खर्चही त्याचाच, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो पाइप कोणाची सोय करतो हे पाहावे लागते.

आमची इमारत ‘सोसायटी’ आहे की ‘कॉन्डोमिनियम’, आणि त्याने काय फरक पडतो?

फरक मोठा आहे आणि नागपुरात तो अधिक जाणवतो, कारण येथे दोन्ही प्रकारच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते आणि तिचा कारभार तिने स्वीकारलेल्या उपविधींनुसार चालतो. कॉन्डोमिनियमला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1970 लागू होतो. तेथे प्रत्येक जण आपल्या अपार्टमेंटचा मालक असतो आणि जमीन, जिना, टाक्या, पंप इत्यादी सामाईक भागांत त्याचा टक्केवारीने ठरलेला अविभाज्य हिस्सा असतो. ही टक्केवारी बिल्डरने नोंदवलेल्या घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, लिहिलेली असते. बोलताना आपण सगळ्यालाच ‘सोसायटी’ म्हणतो, त्यामुळे वाद सुरू होण्याआधी हा कागद काढून वाचावा. तो कोणाकडेच नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळवता येते. ती मिळवण्यासाठी घालवलेला दिवस वाया जात नाही.

‘प्लंबिंग कोड’ म्हणजे नेमके काय? तो आपल्याला बंधनकारक आहे का?

एका पुस्तकात सगळे नियम सापडतील अशी आपल्याकडे व्यवस्था नाही. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता 2016 सालची असून तिचा नववा भाग प्लंबिंगविषयी आहे, आणि त्यात पाणीपुरवठा व सांडपाणी यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पाइपांसाठी वेगवेगळी मानके आहेत. साध्या पाण्याच्या यूपीव्हीसी या प्लास्टिक पाइपला आयएस (भारतीय मानक) 4985, गरम पाण्यालाही चालणाऱ्या सीपीव्हीसीला आयएस 15778, जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपला आयएस 1239 आणि सांडपाणी व मैलापाण्याच्या पीव्हीसी पाइपला आयएस 13592 लागू होते. बांधकामाच्या परवानगीसाठी डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. नळजोडणी, मीटर आणि मलवाहिनी यांबाबत महानगरपालिकेचे अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून येतात.

संहिता आणि मानके ही तांत्रिक दर्जा सांगणारी कागदपत्रे आहेत, आणि सक्तीचे बळ त्यांना नियमावली, मंजूर नकाशा किंवा कंत्राट यांतून मिळते. त्यामुळे कंत्राटदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये मानकाचा क्रमांक लिहिणे हा सामान्य सदनिकाधारकाच्या हातातला सर्वांत सोपा उपाय आहे. ‘चांगल्या कंपनीचा पाइप’ असे लिहून दिले, तर पुढे काहीही सिद्ध करता येत नाही.

कोणता पाइप कोणाचा?

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याचे बरेच स्पष्ट उत्तर आहे. बाहेरच्या जलवाहिन्या, पंप, साठवण टाक्या, ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक, गच्ची, तसेच पावसाच्या पाण्याने किंवा बाहेरील सामाईक नळ व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. त्यात न बसणाऱ्या दुरुस्त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने करायच्या असतात. कॉन्डोमिनियमच्या कायद्यातही टाक्या, पंप, मोटारी, डक्ट आणि गरम-थंड पाण्याच्या केंद्रीय सोयी यांची गणना सामाईक भागांत केली आहे. घोषणापत्रात काही वेगळे लिहिले असेल तर ते मात्र पाहावे लागते.

खरी अडचण आडव्या जोडांची असते. जुन्या इमारतींमध्ये वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा न्हाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालचे पाणी धरून ठेवणारे भांडे, आणि त्याचा आडवा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो आणि खालच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, छताला लटकत, शाफ्टकडे, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीकडे, जातो. खालच्या मालकाने त्याखाली फॉल्स सीलिंग करून तो झाकलेला असतो. पुढे तो गळू लागला की वरचे म्हणतात, “पाइप तुमच्या घरात आहे.” खालचे म्हणतात, “पाणी तुमचे आहे.” येथे खालच्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो पाइप फक्त वरच्या एका फ्लॅटची सोय करतो, म्हणून शाफ्टमधल्या उभ्या लाइनला तो जिथे मिळतो त्या जोडापर्यंतची जबाबदारी वरच्या मालकाची आहे. उभी लाइन सर्व मजल्यांची असल्याने ती सामाईक ठरते. तो जोड स्वतः कोणाचा, यावरूनही मी तासभर वाद चाललेला पाहिला आहे. आमसभेत एक ठराव करून जोड सामाईक धरावा, म्हणजे कोणी एकटा शाफ्टमध्ये उतरून उभ्या लाइनला हात लावणार नाही.

छतावर ओल आली आहे. वरच्यांना दोष देण्याआधी काय तपासावे?

सगळ्यांत आधी ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ काढून तिच्याजवळ तारीख लिहावी. चार दिवसांनी दुसरी रेघ, आठवड्याने तिसरी. मागच्या वर्षी आमच्याकडे एका स्वयंपाकघराच्या छतावर अशा पाच रेघा झाल्या होत्या, आणि वरचे कुटुंब दिवाळीला गावी गेलेल्या आठवड्यातही डाग तितकाच पुढे सरकलेला दिसत होता. वर कोणी पाणी वापरत नसतानाही ओल वाढते, याचा अर्थ दाबाखालची पुरवठ्याची लाइन गळते आहे. तसेच निघाले. वरच्या सिंककडे जाणाऱ्या, भिंतीत दडलेल्या जीआय पाइपला वाटाण्याएवढे भोक पडले होते. तोपर्यंत खालच्यांनी वरच्यांशी बोलणे टाकले होते आणि दोन वेळा बाथरूमच्या फरशीचे सांधे भरून घेतले होते. दोन्ही खर्च वाया गेले.

निदानाची पद्धत साधारण अशी आहे. ओल सतत वाढत असेल तर पुरवठ्याची लाइन संशयित. सकाळी आंघोळीच्या वेळेनंतर वाढून दुपारी कमी होत असेल तर सांडपाण्याचा पाइप, ट्रॅप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग संशयित. केवळ पावसात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा गच्ची तपासावी. त्यानंतर वरच्या मालकाच्या संमतीने तीन सोप्या चाचण्या कराव्यात. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे; भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर खराब आहे. बाथरूमच्या न्हाणीला बोळा लावून फरशीवर दोन-तीन बोटे पाणी 48 तास साठवावे आणि खाली लक्ष ठेवावे. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. काटा फिरतच राहिला तर पाणी कुठेतरी जात आहे. एका वेळी एकच चाचणी करावी. तिन्ही एकदम केल्या तर ओल कशामुळे आली हे पुन्हा कळत नाही.

वरचे मालक तपासणीला दार उघडत नाहीत, किंवा फ्लॅट वर्षानुवर्षे बंद आहे. असोसिएशन आत जाऊ शकते का?

कॉन्डोमिनियममध्ये कायद्यानेच असोसिएशनला, म्हणजे अपार्टमेंटधारकांच्या संघाला, हा अधिकार दिला आहे. सामाईक भागांची देखभाल किंवा दुरुस्ती करण्यासाठी, तसेच सामाईक भागांचे वा दुसऱ्या अपार्टमेंटचे नुकसान टाळण्यासाठी तातडीची दुरुस्ती करावी लागली तर, रास्त वेळेत कोणत्याही अपार्टमेंटमध्ये प्रवेश करता येतो. याचा अर्थ कुलूप तोडावे असा मात्र नाही. लेखी नोटीस द्यावी, तिची पोच ठेवावी, मालक पुण्यात किंवा परदेशात असेल तर ईमेल व नोंदणीकृत टपाल अशा दोन्ही मार्गांनी कळवावे, आणि प्रवेशाच्या वेळी व्यवस्थापक मंडळाचे दोन सदस्य व एक त्रयस्थ शेजारी हजर ठेवून पंचनाम्यासारखी नोंद लिहावी. तरीही कोणी अडवून धरले तर उपविधींच्या भंगाबद्दल नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मागण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. सहकारी संस्थेच्या बाबतीत सहकारी न्यायालयाकडे जावे लागते.

बंद फ्लॅटची एक चावी शेजाऱ्याकडे ठेवावी, असा साधा आग्रह धरावा. बंद फ्लॅटमध्ये न्हाणी ट्रॅपमधले पाणीही आटून जाते. हे 50 मिलिमीटरचे पाणी, म्हणजे वॉटर सील, गटाराचा वायू आणि झुरळे घरात येऊ देत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते आणि दुर्गंधी अख्ख्या शाफ्टभर पसरते. महिन्यातून एकदा प्रत्येक न्हाणीत बादलीभर पाणी ओतले की पुरे.

सामाईक दुरुस्तीचा खर्च कसा वाटावा? समान की क्षेत्रफळाप्रमाणे?

येथेच सोसायटी आणि कॉन्डोमिनियम यांचे रस्ते वेगळे होतात. कॉन्डोमिनियममध्ये सामाईक खर्च घोषणापत्रातल्या टक्केवारीप्रमाणेच वाटावा लागतो. समजा, 12 फ्लॅटची स्कीम आहे. आठ फ्लॅट दोन बेडरूमचे असून प्रत्येकी 7.5 टक्के हिस्सा आहे, आणि चार फ्लॅट तीन बेडरूमचे असून प्रत्येकी 10 टक्के हिस्सा आहे. उभ्या ड्रेनेज लाइन बदलायला 3,60,000 रुपये लागणार असतील, तर लहान फ्लॅटला 27,000 आणि मोठ्या फ्लॅटला 36,000 रुपये येतात. सगळ्यांनी समान भरायचे ठरवले तर प्रत्येकी 30,000 झाले असते. बैठकीत हात वर करून ‘समान’ असा ठराव केला, तरी घोषणापत्रातली टक्केवारी त्याने बदलत नाही, आणि नाराज असलेला एक जणही पुढे त्याला आव्हान देऊ शकतो.

सहकारी संस्थेत आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, किमान 0.25 टक्के असतो. जमिनीची किंमत यात धरायची नसते. बांधकाम खर्च 12 लाख धरला तर वर्षाला अनुक्रमे 9,000 आणि 3,000 रुपये होतात. पाणीपट्टी मात्र वेगळ्या सूत्राने, म्हणजे फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून, वाटली जाते. ज्यांनी बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी जादा नळ घेतला आहे त्यांनी तो मोजणीत येऊ द्यावा.

हा निधी वर्षानुवर्षे गोळाच केला नाही, हे आपल्याकडील अनेक स्कीमचे खरे दुखणे आहे. ‘मेंटेनन्स कमी आहे’ हे फ्लॅट विकताना कौतुकाने सांगितले जाते, आणि वीस वर्षांनी शाफ्टमधले सगळे पाइप एकदम जातात तेव्हा निवृत्त माणसाकडे एकरकमी तीस-चाळीस हजार मागावे लागतात. मला हा अन्याय वाटतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

तळमजल्यावरचे म्हणतात, “वरच्या टाकीशी आमचा संबंध नाही, आम्ही देणार नाही.”

कॉन्डोमिनियमच्या कायद्यात याचे थेट उत्तर आहे. सामाईक सोयीचा वापर सोडून दिला किंवा अपार्टमेंट बंद ठेवले, तरी सामाईक खर्चातून सुटका होत नाही. न भरलेली रक्कम त्या अपार्टमेंटवर बोजा म्हणून राहते.

थकबाकीदाराचे पाणी बंद करता येईल का?

करू नये. पाणी ही अत्यावश्यक सोय आहे आणि ती तोडणाऱ्या समितीलाच न्यायालयात उत्तर द्यावे लागते. सहकारी संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला घेण्याचा मार्ग आहे, तर कॉन्डोमिनियमला बोजा नोंदवून वसुलीचा दावा करता येतो. दोन्ही मार्गांना वेळ लागतो, हे खरे आहे.

जुन्या जीआय लाइन बदलायच्या आहेत. कोणता पाइप घ्यावा?

इमारतीच्या आत, विशेषतः गीझरकडे जाणाऱ्या लाइनसाठी, सीपीव्हीसी घ्यावा. गच्चीवरच्या लाइनचा विचार नागपुरात वेगळा करावा लागतो. आयएस 4985 चा यूपीव्हीसी पाइप 45 अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यासाठी आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा त्याच्या वर जातो. तापलेल्या स्लॅबवर दिवसभर उन्हात पडलेला पांढरा पाइप सात-आठ उन्हाळ्यांनी ठिसूळ होतो, आणि त्यावर पाय पडला की काचेसारखा तडकतो. गच्चीवरचे पाइप ब्लॉकवर उचलून, क्लॅम्प लावून, उन्हापासून झाकून किंवा रंगवून घ्यावेत. टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक उभ्या लाइनला गच्चीवरच स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवावा. त्यामुळे एका लाइनची दुरुस्ती करताना सगळ्या इमारतीचे पाणी बंद ठेवावे लागत नाही.

ड्रेनेजसाठी आयएस 13592 मधला ‘बी’ प्रकारचा पाइप मागावा. ‘ए’ प्रकार पातळ असून तो हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी आहे. प्रकार पाइपवरच छापलेला असतो. माल उतरवताना एका जणाने उभे राहून तो वाचावा आणि फोटो काढावा. आमच्या पहिल्या कामात हे कोणी केले नाही, आणि बिल ‘बी’चे लावून बसवलेला पाइप ‘ए’चा असल्याचे आम्हाला तिसऱ्या वर्षी, जोड उघडल्यावर कळले.

बाथरूमची जागा बदलायची आहे किंवा एक वाढवायचे आहे. परवानगी लागते का?

त्याच जागी नळ, पाइप किंवा भांडे बदलणे ही नित्याची दुरुस्ती आहे. जागा बदलली की प्रश्न वेगळा होतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार संडास किंवा न्हाणीघर दुसऱ्या न्हाणीघर-संडासाखेरीज इतर खोलीच्या थेट वर असू नये, आणि असल्यास त्याची जमीन पूर्ण जलरोधक असावी. फरशीचा उतार न्हाणीकडे असावा, व्हरांड्याकडे किंवा दुसऱ्या खोलीकडे नसावा. भिंतींवर किमान 1 मीटर उंचीपर्यंत पाणी न शोषणारा गुळगुळीत थर असावा. तुमची डायनिंगची जागा खालच्यांच्या देवघरावर येते, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

कॉन्डोमिनियमच्या कायद्यानुसार इमारतीच्या भक्कमपणाला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल असे काम कोणत्याही मालकाला करता येत नाही. स्लॅबमध्ये नवे भोक पाडणे, बीम कोरणे, संकन भाग, म्हणजे बाथरूमखालचा खोलगट स्लॅब, भरून वजन वाढवणे ही कामे यात येऊ शकतात. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आणि असोसिएशनची लेखी संमती घ्यावी, आणि मंजूर नकाशात बदल होत असेल तर महानगरपालिकेची किंवा जागेनुसार नागपूर सुधार प्रन्यास वा एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) परवानगी घ्यावी.

कूलरच्या पाण्यावरून दरवर्षी वाद होतो. नियम काय असावा?

यासाठी संहितेत वेगळे कलम शोधण्यापेक्षा आमसभेत आपलाच ठराव करून घ्यावा. एप्रिल ते जून प्रत्येक घराच्या खिडकीत एक कूलर असतो, फ्लोट बिघडला की तो रात्रभर वाहतो, आणि खालच्या भिंतीवर क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात. बाहेरच्या प्लास्टरमध्ये मुरलेले हे पाणी पावसाळ्याच्या आधीच भिंत ओली करून ठेवते. कूलरचा ओव्हरफ्लो नळीने पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडावा, मलवाहिनीच्या उघड्या तोंडात सोडू नये. स्टँड ग्रिलवर न टांगता भिंतीत नीट ठोकलेला असावा. फ्लोट दर हंगामाच्या सुरुवातीला बदलावा. एवढ्या ठरावाने आमच्याकडच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

टिल्लू पंप लावला तर काय होते?

महानगरपालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप जोडून पाणी ओढणे बेकायदा आहे, आणि उन्हाळ्यात असे पंप जप्त केले जातात. दंडापेक्षा मोठा धोका आरोग्याचा आहे. पंप ओढू लागला की लाइनमध्ये ऋण दाब तयार होतो आणि वाटेत एखादा जोड गळका असेल तर बाजूच्या गटाराचे पाणी आत खेचले जाते. ते पाणी मग फक्त पंपवाल्याच्या घरी जात नाही. पाणी आधी संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, घ्यावे आणि तेथून पंपाने वर चढवावे.

बिल अचानक वाढले आहे. गळती किती हे कसे कळेल?

गळक्या नळाखाली 1 लिटरची बाटली धरून वेळ मोजावी. ती 5 मिनिटांत भरली तर दिवसाला 288 लिटर आणि महिन्याला साधारण साडेआठ युनिट पाणी जाते, कारण एक युनिट म्हणजे 1,000 लिटर. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात दरडोई दररोज 135 लिटर हा आकडा धरला जातो. म्हणजे तो एक नळ दोन माणसांचे पाणी पितो आहे. संप किंवा वरच्या टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हची गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रात्री अकराला आणि पहाटे पाचला मीटरचे वाचन लिहून फरक पाहावा. मीटरच बिघडल्याचा संशय असेल तर महानगरपालिका किंवा तिच्या वतीने 2012 पासून शहराचा पाणीपुरवठा चालवणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटरकडे लेखी अर्ज करावा. सील स्वतः तोडू नये.

गडर लाइन (मलवाहिनी) वारंवार तुंबते आणि चेंबर खचते. याला जबाबदार कोण?

आवाराच्या आतली चेंबरे आणि मुख्य लाइनपर्यंतची जोडणी इमारतीची, रस्त्यातली मुख्य लाइन महानगरपालिकेची. तक्रार आपल्या झोन कार्यालयात, शहरात असे दहा झोन आहेत, लेखी द्यावी. आपल्या शेवटच्या चेंबरचे झाकण उघडून पाहिले की दोष कोणाकडे आहे ते कळते. ते भरलेले असेल तर अडथळा बाहेर आहे. ते कोरडे असून आधीचे भरलेले असेल तर अडथळा आपल्याच आवारात आहे.

चेंबर खचण्याचे कारण शहराच्या मोठ्या भागात पायाखाली असते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि या हालचालीने जुन्या सिमेंटच्या पाइपांचे ताठ जोड सुटतात. सुटलेल्या जोडातून झिरपणारे पाणी माती आणखी मऊ करते. म्हणून केवळ चेंबरवर नवे प्लास्टर करण्याला अर्थ नाही. पाइपखाली मुरूम किंवा वाळूची नीट बैठक करून, रबर रिंगचे जोड असलेला पाइप घालावा आणि उतार लेव्हलने तपासावा.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि अनेक इमारतींचे तळमजले व तळघरे भरली. सखल भागातल्या इमारतींनी त्यातून दोन गोष्टी कराव्यात. शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे गडरचे पाणी उलटे आत येणार नाही. आणि संपचे झाकण जमिनीपासून उंच, कॉलर बांधून, घट्ट बसणारे करावे. संपमध्ये एकदा पुराचे पाणी गेले असेल तर तो उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करून आणि पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून मगच वापरावा. तुरटी फिरवून भागत नाही.

सेप्टिक टँक किंवा चेंबर साफ करायला माणूस उतरवला तर चालते का?

नाही. बेसा-पिपळ्यासारख्या, शहराच्या कडेच्या भागांत सेप्टिक टँक अजून सर्रास आहेत आणि ‘पाचशे जास्त घे, पण आत उतरून काढ’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये केली. टाकीतला वायू दिसत नाही, आणि पहिला माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सक्शन गाडीच बोलवावी, तिच्या येण्याला दोन दिवस लागले तरी.

इमारत नवी आहे आणि तरीही पाइप गळतात. बिल्डर जबाबदार नाही का?

आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांमधील दोष त्याच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगणे कामाचे नाही. दोषांची यादी, फोटो आणि तारीख यांसह पत्र द्यावे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी असोसिएशनने सगळे शाफ्ट, टाक्या आणि बाथरूम एकदा इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत.

इमारत जुनी असेल तर?

आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. शाफ्टमधली गळती सळ्या गंजवते, म्हणून ऑडिट करणाऱ्याला शाफ्टच्या आतून पाहायला सांगावे. बरेच जण बाहेरूनच फोटो काढून जातात.

विम्यातून हा खर्च मिळतो का?

टाकी किंवा पाइप अचानक फुटून झालेले नुकसान बहुतेक गृहविमा पॉलिसींमध्ये येते. 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीतही ते आहे. हळूहळू झिरपणाऱ्या ओलीचा दावा मात्र सहसा नाकारला जातो.

कोटेशन कसे मागवावे?

तीन कोटेशन मागवून सर्वांत कमी दराचे निवडणे ही आपली सवय आहे, पण तिघांनी वेगवेगळी कामे धरलेली असतील तर तुलनाच होत नाही. आधी स्वतःच कामाची यादी करावी. त्यात लाइनची लांबी मीटरमध्ये, पाइपचा व्यास आणि मानक, जोडांची संख्या, जुना पाइप काढून मलबा उचलणे, फोडलेल्या भिंतीचे प्लास्टर व टाइल, उंचावरच्या कामासाठी पालखी (परांची) किंवा झुला, कामाच्या दिवसांत पाण्याची तात्पुरती सोय आणि जीएसटी या बाबी असाव्यात. यादी तिघांनाही सारखीच द्यावी. प्लास्टर आणि टाइल विसरल्या तर हाच खर्च नंतर प्रत्येक फ्लॅटच्या दारात स्वतंत्र भांडण होऊन उभा राहतो. प्लंबर परवानाधारक असावा. शेवटची काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी, आणि प्लास्टर करण्याआधी लाइन पाण्याच्या दाबाने तपासून तिचा आकडा वहीत लिहावा.

जुना फ्लॅट विकत घेतो आहे. काय पाहावे?

असोसिएशनचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे, कारण कॉन्डोमिनियममध्ये विक्रेत्याच्या न भरलेल्या सामाईक खर्चासाठी घेणाराही त्याच्याबरोबर जबाबदार धरला जातो. मागच्या तीन वर्षांच्या आमसभांची इतिवृत्ते मागावीत; पाइप बदलण्याचा ठराव झालेला असेल तर वर्गणीची मागणी तुमच्या नावावर येऊ शकते. घर दाखवायला नेतील तेव्हा हॉलच्या रंगापेक्षा बाथरूमकडे जास्त वेळ द्यावा, फॉल्स सीलिंगची एक फळी सरकवायला सांगावी आणि शाफ्टची खिडकी उघडून वर आणि खाली टॉर्च मारून पाहावे.